पहिला पॅच वाकोल्यातून

मुंबईच्या वाकोल्यात दत्त मंदिर रोडच्या आसपास एक छोटी खानावळ आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या मालकांना मी ऑर्डर आणि हिशेब ठेवायचा एक छोटा प्रोग्राम बसवून दिला. पदार्थांची यादी मालकांनी आपल्या मोबाइलवरून भरली. गल्ल्यावर बसणारा त्यांचा पुतण्या कॉम्प्युटरवर पदार्थ शोधून बिल करायचा. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला, "काका, पुऱ्या सापडत नाहीत."

जाऊन पाहिलं, तर यादीत 'पुऱ्या' डोळ्यांसमोर होत्या. शोधाच्या चौकटीत तोच शब्द लिहिला की मात्र निकाल शून्य. भाकऱ्यांचीही तीच गत. चपाती, वरण, झुणका झटक्यात सापडायचे. दोन संध्याकाळी घालवल्यावर उलगडा झाला. आपला हा अर्धा 'र' कॉम्प्युटरच्या आत दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला 'ऱ', हलन्त आणि 'य' असतो. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि शेवटी 'य'. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. मोबाइलचा कीबोर्ड एक प्रकार लिहीत होता आणि कॉम्प्युटरचा दुसरा.

शोधाचं काम करणारा भाग मी लिहिलेला नव्हता. ती एक ओपन सोर्स लायब्ररी होती, दूर युरोपातल्या लोकांनी लिहिलेली. ती माणसं माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती, पण 'पुऱ्या' हा शब्द त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. ती चूक सापडायला मोठी विद्वत्ता लागली नाही, मराठी लिहिता-वाचता येणं पुरलं. ओपन सोर्समध्ये मी पाठवलेली पहिली दुरुस्ती, म्हणजे पहिला पॅच, तो हाच.

कालिन्याच्या विद्यापीठ परिसरातली मुलं, आयटीत नवी लागलेली मुलं मला विचारतात, "कुठल्या प्रोजेक्टमध्ये पीआर टाकू?" पीआर म्हणजे आपली दुरुस्ती आत घेण्याची विनंती. माझं उत्तर ठरलेलं आहे. प्रोजेक्ट शोधत फिरू नका. तुम्ही रोज जे वापरता त्यात काय खटकतंय ते शोधा. जगातल्या दुसऱ्या कुणाला दिसणार नाही असं काहीतरी तुम्हाला तुमच्या गल्लीतून, तुमच्या भाषेतून, तुमच्या कामातून दिसत असतं. तिथूनच सुरुवात करा.

फुकट नव्हे, मुक्त

आधी शब्द नीट समजून घेऊ. ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेलं पुन्हा इतरांना देता येतं, ते ओपन सोर्स किंवा मुक्तस्रोत. ही मुभा लेखी परवान्याने मिळते. नुसतं फुकट डाउनलोड होतं म्हणून ते मुक्त ठरत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लोकांपुढे ठेवलं आणि 'ओपन सोर्स' हे नाव 1998 मध्ये रूढ झालं. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सच आहे.

हे सगळं परदेशात घडतं असं समजू नका. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, साठा, पगार सांभाळणारं सॉफ्टवेअर पूर्णपणे मुक्त परवान्याखाली आहे आणि देशोदेशीचे लोक त्यात भर घालतात. रुषभ मेहता यांनी 2008 मध्ये ही कंपनी सुरू केली. 'मुक्ता' हा देवनागरी फाँट मुंबईच्याच 'एक टाइप' या गटाने बनवून सर्वांसाठी खुला केला. लिनक्स भारतीय भाषांत आणणारा इंडलिनक्स प्रकल्प मुंबईकरांनीच उभा केला. पवईच्या आयआयटीत शिक्षणात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर रुजवणारा फॉसी हा प्रकल्प चालतो. हे सगळं आपल्याच शहरातलं आहे.

चार दरवाजे

नवख्या माणसासाठी आत जायचे चार दरवाजे आहेत. कोड हा त्यातला फक्त एक.

पहिला दरवाजा भाषेचा. फायरफॉक्स, लिबरऑफिस, विकिपीडियामागचं मीडियाविकी ही सगळी सॉफ्टवेअर मराठीत आहेत आणि त्या भाषांतरात मराठी स्वयंसेवकांचा हात आहे. फायरफॉक्सचं भाषांतर पोंटूनवर चालतं, लिबरऑफिसचं वेबलेटवर आणि मीडियाविकीचं ट्रान्सलेटविकीवर. खातं उघडलं की साध्या ब्राउझरमधून काम करता येतं.

दुसरा दरवाजा नकाशाचा. ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 मध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा आहे. त्यात आपल्या वस्त्यांमधल्या गल्ल्या अजून भरायच्या आहेत.

तिसरा दरवाजा तुमच्या विषयाचा. सिव्हिलचे विद्यार्थी असाल तर फॉसीचं ओस्डॅग पाहा. पोलादी बांधकामाची गणितं ते भारतीय मानकांनुसार करतं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी सर्किटची रचना करणारं ई-सिम आहे. हिशेबाचं काम करत असाल, तर ईआरपीनेक्स्टमध्ये जीएसटीची नोंद कुठे अडते हे एखाद्या प्रोग्रामरपेक्षा तुम्हाला आधी कळेल.

चौथा दरवाजा कोडचा. पहिल्या तीनपैकी एखाद्या दरवाज्याने आत गेलेला माणूस बहुतेक वेळा इथेही आपोआप पोहोचतो, कारण तोवर काय दुरुस्त करायचं ते त्याला ठाऊक झालेलं असतं.

भाषांतर : दिसतं तितकं सोपं नाही

भाषेच्या दरवाज्यात जरा थांबतो, कारण मराठी मुलांसाठी ती सर्वांत चांगली शाळा आहे. प्रोग्राममध्ये वाक्यं सलग नसतात. त्यात मोकळ्या जागा सोडलेल्या असतात आणि ऐन वेळी तिथे फाइलचं किंवा फोल्डरचं नाव येऊन बसतं. टक्क्याचं चिन्ह आणि पुढे एखादं अक्षर, अशी ती जागा दिसते. इंग्रजीत आधी फाइल येते, मग फोल्डर. मराठीत आपण म्हणतो, "या फोल्डरमधून ती फाइल हटवा." क्रम उलटा होतो. जागांना क्रमांक दिले नाहीत, तर मराठी वापरणाऱ्याला नेमका उलटा संदेश दिसतो आणि तो नको ते हटवून बसतो. म्हणून अशा वाक्यात जागांना एक, दोन असे क्रमांक देऊन मगच त्या फिरवायच्या. बऱ्याच प्रकल्पांत तशी सोय असते. नसेल, तर तीच तुमची पहिली तक्रार.

अनेकवचनाचंही तसंच. "1 फाइल हटवली" आणि "5 फाइली हटवल्या" यांत नाम बदलतं, क्रियापदही बदलतं. भाषांतराच्या फाइलीत त्यासाठी दोन वेगळ्या ओळी असतात. दोन्हींत एकच वाक्य चिकटवून पुढे गेलात, तर मराठी वाचणाऱ्याला ते दाताखाली खडा आल्यासारखं लागतं.

तिसरी गोष्ट शब्दांची. 'सेव्ह'ला एका पडद्यावर 'जतन', दुसऱ्यावर 'साठवा' आणि तिसऱ्यावर 'सुरक्षित करा' असं झालं की वापरणारा गोंधळतो. आधीच्या लोकांनी कोणता शब्द घेतलाय ते पाहा आणि तोच चालवा. पटत नसेल तर गटात चर्चा करा, एकट्याने बदलू नका. कुणी न वापरणारा जड शब्द घडवण्यापेक्षा लोकांच्या तोंडी असलेला शब्द बरा. बँकेत, एटीएमवर, रेल्वेच्या तिकीट खिडकीवर माणसं काय म्हणतात ते कान देऊन ऐका.

गल्लीचा नकाशा

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. वाकोला नाला पुढे मिठी नदीला मिळतो. त्यामुळे त्या दिवशी इथे पाणी कसं चढलं, ते इथले म्हातारे अजून सांगतात. अशा वेळी मदत घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो : या गल्लीत गाडी जाते का? पलीकडे निघता येतं का? पायऱ्या कुठे आहेत?

याची उत्तरं उपग्रहाच्या चित्रात दिसत नाहीत. पत्र्याच्या छपराखालून जाणारी बोळ वरून पाहणाऱ्याला नसतेच. तुम्ही मात्र रोज तिथून जाता. अँड्रॉइड फोनवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ओपन सोर्स अ‍ॅप घ्या. चालता चालता ते तुम्हाला प्रश्न विचारतं : रस्ता डांबरी आहे की काँक्रीटचा, रात्री दिवा असतो का, पायऱ्यांना कठडा आहे का. तुम्ही दिलेलं उत्तर थेट नकाशात जातं. पुढे ब्राउझरमधला आयडी नावाचा संपादक वापरून राहिलेल्या गल्ल्या काढता येतात आणि नावाच्या रकान्याशेजारी मराठी नाव भरता येतं.

दोन नियम कडक पाळा. दुसऱ्या कुठल्याही नकाशावरून नाव किंवा रेघ उतरवू नका, तो परवान्याचा भंग ठरतो. आणि कुणाच्या घराची खासगी माहिती नकाशावर टाकू नका. स्वतः पाहिलेलं, सार्वजनिक जागेचं तेवढंच लिहायचं.

या कामाला लॅपटॉप लागत नाही. घरात एकच खोली आणि चौघांत एक मोबाइल असला, तरी हे होतं.

चूक कळवायची कशी

पहिलं योगदान म्हणजे पहिला कोड असा समज आहे. नीट लिहिलेली तक्रार, जिला तिथे 'इश्यू' म्हणतात, तीही पुरेपूर योगदान आहे. तिचे तीन भाग असतात : मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. सोबत सॉफ्टवेअरची आवृत्ती, फोन किंवा कॉम्प्युटर कोणता, आणि जमलं तर पडद्याचं चित्र.

पुऱ्यांच्या वेळी मी साध्या इंग्रजीत असं कळवलं होतं : मोबाइलवर लिहिलेला हा शब्द कॉम्प्युटरवर लिहिलेल्या याच शब्दाशी जुळत नाही, तो जुळायला हवा, आणि दोन्हींचे संकेतांक खाली देत आहे. इंग्रजी सफाईदार नव्हती आणि त्याने काही अडलंही नाही. छोटी वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट, एवढं पुरतं. कळवण्याआधी तीच तक्रार आणखी कुणी केली आहे का ते शोधायचं. असेल, तर तिच्याखाली आपली भर घालायची, नवी तक्रार उघडायची नाही.

दुरुस्ती पाठवायची कशी

आता कोडकडे वळू. आधी गिट शिका. कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं, टोरवाल्ड्स यांनीच 2005 मध्ये बनवलेलं हे साधन आज बहुतेक प्रकल्प वापरतात. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन असे विषय मराठीतून ऐकायचे असतील, तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल विनामूल्य आहेत.

प्रकल्प पारखताना चार गोष्टी पाहा. परवान्याची फाइल आहे का? योगदान कसं द्यावं हे सांगणारी फाइल आहे का? गेल्या काही महिन्यांत कुणाची दुरुस्ती स्वीकारली गेली आहे का? नवख्या माणसांना तिथे उत्तर कसं दिलं जातं? चारही उत्तरं समाधानकारक असतील तरच वेळ घाला. नवख्यांसाठी सोप्या कामांवर बऱ्याच ठिकाणी वेगळी खूण लावलेली असते, तीही पाहा.

मग क्रम असा. प्रकल्प ज्या साइटवर ठेवलेला आहे, तिथल्या आपल्या खात्यात त्याची प्रत घ्या, म्हणजे फोर्क करा. ती आपल्या कॉम्प्युटरवर उतरवा. प्रोग्राम जसा आहे तसा आधी चालवून पाहा. इथे अर्धे लोक गळतात, कारण चालू करण्यातच दोन दिवस जातात. ते दोन दिवस वाया गेले असं समजू नका. कुठे अडलात ते लिहून ठेवा आणि सूचनांच्या फाइलीत तेवढी ओळ दुरुस्त करून पाठवा. तुमच्यामागून येणाऱ्याचे दोन दिवस वाचतील. नंतर वेगळी ब्रँच, म्हणजे कोडची स्वतंत्र शाखा, काढा, एकच बदल करा, त्या बदलाची चाचणी लिहा आणि कमिट करा, म्हणजे बदल नोंदवा. कमिटच्या पहिल्या ओळीत काय बदललं ते थोडक्यात, खाली का बदललं ते. मग तो आपल्या साइटवरच्या प्रतीत चढवा, म्हणजे पुश करा, आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे तोच पीआर, पाठवा. एका रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट. जाता जाता दिसलेलं इतर काही त्यात कोंबू नका.

मेंटेनर : तोही माणूसच आहे

दुरुस्ती तपासणारा मेंटेनर बहुतेक वेळा आपली नोकरी सांभाळून, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी हे काम करतो. उत्तर यायला आठवडे लागू शकतात. दोनेक आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करायला हरकत नाही. रोज विचारायचं नाही. त्याला 'सर' म्हणायची गरज नाही, तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. पण आदर असावा.

माझ्या दुरुस्तीवर मेंटेनरने सुचवलं होतं, "ते न दिसणारं चिन्ह सरळ काढून टाकलं तर?" त्याच्या दृष्टीने ते बरोबर होतं. पण चिन्ह काढलं की अर्ध्या 'र'चा रफार होतो आणि 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो! मी दोन्ही शब्द अर्थासह लिहून पाठवले. त्याला लगेच पटलं. त्याने चाचणी मागितली, मी चार ओळींची चाचणी लिहिली आणि तीन आठवड्यांनी दुरुस्ती आत गेली. रिव्ह्यू म्हणजे अपमान नव्हे. तो दोन माणसांनी मिळून केलेला विचार असतो. त्यात तुमच्याकडची माहिती तुम्हीच मांडायची असते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टसाठी टी-शर्ट मिळत होता. त्यापायी पुष्कळ प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा मारा झाला आणि आयोजकांना घाईघाईने नियम बदलावे लागले. एक्स्प्रेस या प्रसिद्ध प्रकल्पातही माहितीच्या फाइलीत स्वतःचं नाव घालण्याच्या विनंत्यांचा पूर आला होता. त्यात भारतीय विद्यार्थी पुष्कळ होते, हे आपल्याला लाज वाटायला लावणारं आहे. कर्ल या प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग एआयकडून लिहून घेतलेल्या खोट्या तक्रारींबद्दल जाहीरपणे बोलले आहेत. एआयची मदत घ्या, पण स्वतःला न समजलेली एकही ओळ आपल्या नावाने पाठवू नका. प्रश्न विचारला गेला, तर उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

पैसा, नोकरी आणि करार

नोकरीसाठी याचा उपयोग होतो का? होतो. मुलाखतीत "हा माझा कोड, ही त्यावरची चर्चा" असं उघडून दाखवता येतं. मानधनही काही ठिकाणी मिळतं. 2005 पासून चालणारा गूगल समर ऑफ कोड 2022 पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही खुला आहे. फॉसीच्या काही उपक्रमांतही मानधन असतं. पण योगदान शिकवण्यासाठी जबर फी मागणाऱ्या क्लासपासून दूर राहा. लागतं ते सगळं विनामूल्य उपलब्ध आहे.

नोकरीत असाल तर आपला करार वाचा. ऑफिसच्या वेळात किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिलेला कोड कंपनीचा, असं कलम पुष्कळ ठिकाणी असतं. शंका असेल तर लेखी परवानगी घ्या. आपलं काम आपल्या यंत्रावर आणि आपल्या वेळात करा.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात फक्त वापरा. मोबाइलमधलं एखादं ओपन सोर्स अ‍ॅप मराठीतून चालवा आणि जे खटकेल ते वहीत लिहा. दुसऱ्या आठवड्यात त्यातली एक नोंद नीट तपासून कळवा. तिसऱ्या आठवड्यात दहा वाक्यं भाषांतरित करा किंवा आपल्या गल्लीतल्या दहा प्रश्नांची उत्तरं नकाशाला द्या. चौथ्या आठवड्यात एक छोटी दुरुस्ती पाठवा, मग ती सूचनांच्या फाइलीतली एक ओळ का असेना. शक्य असेल तर एकटे बसू नका. दोन-तीन जण जमवा. एकाचं अडलेलं दुसऱ्याला सुटतं.

पुऱ्यांच्या त्या दुरुस्तीखाली काही महिन्यांनी नेपाळमधल्या एका माणसाने आभार लिहिले. नेपाळीतही तोच अर्धा 'र' आहे. 'केलं' या अर्थाचा त्यांचा रोजचा 'गऱ्यो' हा शब्द त्याच कारणाने सापडत नव्हता, तो आता सापडू लागला. वाकोल्यातल्या एका गल्ल्यावर अडलेलं काम काठमांडूतही अडलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. तुमच्या समोरही आत्ता असंच काहीतरी अडलेलं असेल. आज रात्री ते वहीत उतरवा आणि या महिन्यात कळवा.